किती राहिले?

परदेशी निघालेल्या माणसाला सल्ला देणे हा आपल्याकडे एक सार्वजनिक धर्मच आहे. ज्यांची पुण्याबाहेरची धाव लोणावळ्याच्या चिक्कीपाशी संपते असे गृहस्थही टोकियोच्या हवेविषयी अधिकारवाणीने बोलू लागतात. २०२४ च्या मे महिन्यात आईला घेऊन मी धाकट्या बहिणीकडे जपानला जाणार ही बातमी आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये फुटली आणि माझे टेबल सल्ल्यांनी भरून गेले. कोणी म्हणाले, भाजणी न्या. कोणी म्हणाले, नवे मोजे न्या. तिकडे उठल्याबसल्या बूट काढावे लागतात, आणि अंगठा बाहेर डोकावणारा मोजा म्हणजे साऱ्या देशाची अब्रू. (हा सल्ला मात्र लाखाचा निघाला, हे नमूद करायला हवे.)

पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक तेवढे गप्प होते. मी बोलता बोलता म्हणालो की तिकडून एक जुना, रोलवर चालणारा कॅमेरा घ्यायचा विचार आहे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"कॅमेऱ्याचं सोपं आहे हो," ते म्हणाले, "पण रोल परत कसे आणणार?"

"खिशातून."

"विमानतळावर खिसे रिकामे करावे लागतात."

मग त्यांनी मला मराठीच्या माणसाला झेपेल अशा भाषेत सारे समजावून सांगितले. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. त्यांना क्षणभर उजेड लागला की आत कुठेतरी खूण राहते. डोळ्यांना ती दिसत नाही. रोल रसायनात धुतला की मगच त्या खुणेभोवती काळी चांदी तयार होते आणि चित्र दिसू लागते. आता क्ष-किरण हे प्रकाशाचेच भाऊबंद. फिल्मला आपपरभाव नाही. ती त्यांचीही खूण जपून ठेवते आणि धुतल्यावर सगळ्या चित्रावर करड्या रंगाचा पडदा येतो. हातातल्या सामानाची जुनी यंत्रे त्यातल्या त्यात सौम्य असतात. कमी वेगाची फिल्म त्यांच्यातून दोन-चारदा गेली तरी निभावते, मात्र दर खेपेचा परिणाम मागच्या खेपेत मिळवला जातो. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगांची यंत्रे जबर असतात, म्हणून रोल त्या बॅगेत कधीही ठेवायचे नाहीत. कोरे नाहीत आणि काढलेलेही नाहीत. आणि अलीकडे हातातल्या सामानासाठीही सीटी पद्धतीची नवी यंत्रे बसू लागली आहेत. दवाखान्यात माणसाला गुहेत घालतात तशी ती बॅगेला घालतात आणि चहूबाजूंनी पाहतात. त्यातून एकदा गेले तरी फिल्मला बाधा होऊ शकते. कोडॅक आणि इलफर्ड या दोन्ही कंपन्या आपली फिल्म त्यात घालू नका असे सांगतात.

"मग शिशाची पिशवी?"

"पडद्यावर काळा ठोकळा दिसला की तपासनीस ती उघडतो, नाहीतर पुन्हा आत ढकलतो. त्यापेक्षा हात जोडायचे आणि हातानं तपासा म्हणायचं. आणि हो, ती जी न दिसणारी प्रतिमा असते ना, तिला तुम्ही मराठीत काय म्हणाल?"

"अव्यक्त," मी म्हणालो. शब्द गीतेच्या बाराव्या अध्यायातला. अव्यक्ताच्या मागे लागणाऱ्यांना क्लेश अधिक होतात, असे भगवंतांनी तिथे बजावलेलेच आहे. पण मी ते त्या वेळी मनावर घेतले नाही.

आता आपण विचाराल की खिशात फोन असताना या गृहस्थाला हे डोहाळे कशाला लागले? आमच्या सौभाग्यवतींनीही नेमके हेच विचारले होते. त्यासाठी नानांची गोष्ट सांगावी लागेल.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७५ साली लग्न केले आणि त्याच वर्षी आगफा क्लिक-३ कॅमेरा घेतला. कारकुनाच्या पगारात या दोन चैनी एका वर्षात कशा बसवल्या ते त्यांनाच ठाऊक. न्यू इंडिया इंडस्ट्रीज नावाची कंपनी हा कॅमेरा बडोद्याला तयार करीत असे. काळा, आटोपशीर डबा, आणि ऊन किंवा ढग एवढाच काय तो विचार करायचा. रोलवर बारा चौकोनी फोटो निघत; तेरावा नाही. रोल बहुधा 'इंदू'चा. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या उटीच्या कारखान्यातली ही फिल्म. आता ती कंपनीही बंद झाली.

आमच्या घरी वर्षाला एक रोल येई आणि तो दिवाळीत. नाना त्याचे अंदाजपत्रक करीत. एक फोटो किल्ल्याचा, एक किल्ल्यापाशी आम्हां भावंडांचा, एक नव्या कपड्यांतला, एक आजीचा तुळशीपाशी, दोन भाऊबीजेला. प्रत्येक फोटोनंतर ते बटण फिरवीत, पाठीमागच्या तांबड्या खिडकीत पुढचा आकडा येई आणि घरातून कोणीतरी ओरडे, "किती राहिले?" दूध किती राहिले, महिना संपायला दिवस किती राहिले, तसेच फोटो किती राहिले.

शेवटचा फोटो आईचा, हे ठरलेले असे. "हा तुझा हं," नाना स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणत. आतून चकलीच्या पिठाने माखलेले हात दिसत आणि आवाज येई, "राहू द्या हो. रोल वाया जाईल. माझा अवतार तरी बघा." एवढ्यात कोणी पाहुणा टपके, किंवा शेजारच्यांचे बाळ नवे झबले घालून येई, आणि बारावा फोटो त्याच्या नावे जाई. नानांचे सगळे फोटो बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात आहेत. त्यात आमच्या गल्लीतले एक कुत्रे दोनदा आले आहे. आई नाही. एका फोटोत दाराच्या चौकटीतून तिचे कोपर आणि हातातली झारी दिसते, तेवढीच. आणि नाना तर कॅमेऱ्याच्या मागे, तेही नाहीत. लग्नातला स्टुडिओवाल्याने काढलेला एक ताठ फोटो सोडला, तर त्या दोघांना एकत्र पाहायची सोय त्या डब्यात नाही.

पुढे फोन आले आणि फोटोंचा सुकाळ झाला. आईचेही शेकडो फोटो निघाले असतील. ते कोणी पाहिले नाहीत, तिने तर नाहीतच. नाना २०१९ साली गेले. त्यांच्या शेवटच्या दोन दिवाळ्या माझ्या फोनमध्ये होत्या, आणि पुढच्याच पावसाळ्यात तो फोन धुण्याच्या बादलीत पडला. कोणी सांगितले म्हणून तो तीन दिवस तांदळात ठेवला. काही उपयोग झाला नाही. डब्यातले १९८५ सालचे कुत्रे मात्र अजून स्वच्छ दिसते.

हे सारे मी सौभाग्यवतींना सांगितले नाही. त्यांना ते ठाऊकच होते. त्या गणिताच्या शिक्षिका. त्यांनी फक्त हिशेब मांडला. रोलची किंमत, तो धुण्याचा आणि फोटो करून घेण्याचा खर्च, भागिले छत्तीस. "एका फोटोला जवळजवळ पन्नास रुपये पडतात, अहो."

"पण मी घेणार तो कॅमेरा अर्ध्या फ्रेमचा आहे. छत्तीसच्या रोलवर बहात्तर निघतात."

"म्हणजे पंचवीस," त्या म्हणाल्या. "मग हरकत नाही."

हा अर्ध्या फ्रेमचा कॅमेरा म्हणजे ऑलिंपस पेन. पहिला पेन १९५९ साली आला. योशिहिसा मैतानी नावाच्या तरुण इंजिनिअरने तो तयार केला. सहा हजार येनमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत कॅमेरा द्यायचा, हे त्याने मनाशी धरले होते. एकेका चौकटीच्या जागी दोन-दोन चित्रे बसवली म्हणजे फिल्मचा खर्चही निम्मा. पेन हे नाव का, तर खिशातल्या पेनसारखा तो सहज जवळ बाळगावा म्हणून. या मैतानींचे आणि आमच्या नानांचे चांगले जमले असते असे मला नेहमी वाटते. आज कोणी असा नवा कॅमेरा घेऊ म्हणेल तर तोही मिळतो; आम्ही परतल्यावर, जुलै २०२४ मध्ये, पेंटॅक्सने अर्ध्या फ्रेमचा नवा कॅमेरा जपानच्या बाजारात आणला. पण त्याची किंमत ऐकल्यावर मैतानींनी कपाळाला हात लावला असता.

बहीण निशी-कासाईला राहते. टोकियोच्या पूर्वेचा हा भाग २००० सालाच्या सुमारापासून आपल्या संगणकवाल्यांनी भरू लागला. तिथे कढीपत्ता मिळतो आणि जिन्यात मराठी ऐकू येते. तिथून तोझाई नावाची लोकल निघते ती गाडी न बदलता थेट नाकानोला पोचते, आणि नाकानो म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांची पेठ. आईच्या गुडघ्यांना जिने सोसत नाहीत, त्यामुळे हा योग मला शुभशकुनासारखा वाटला. दुभाषी म्हणून नऊ वर्षांची भाची बरोबर घेतली. ती तिथल्या शाळेत जाते. आमच्याशी मराठीत भांडते आणि झोपेत जपानीत बोलते.

दुकान पाहून मला लग्नाच्या बोलणीची आठवण झाली, पण ती उलट्या जगातली. काचेच्या कपाटात कॅमेरे ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीत त्याचे दोष! भिंगात थोडी धूळ आहे, पाठीवर ओरखडा आहे, अमुक ठिकाणी पोचा आहे. मुलीच्या बापाने आपण होऊन सांगावे की तिला स्वयंपाक येत नाही, तसे. भाची बोट ठेवून एकेक वाचून दाखवीत होती. "मामा, ह्याला बुरशी आहे." मी तो लगेच खाली ठेवला. दमट हवेत भिंगाला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि एकदा धरली की ती जाणे कठीण. चिठ्ठीवर विश्वास असला तरी मी खिशातली छोटी विजेरी काढून भिंगे पाहिली. तुळशीबागेत वाढलेल्या माणसाची ही खोड.

मला हवा होता तो पेन ईई-३, १९७३ साली निघालेला. त्याला बॅटरी लागत नाही. भिंगाभोवती सेलेनियमची जाळी असते; उजेड पडला की तीच थोडी वीज तयार करते आणि त्या विजेवर कॅमेरा उजेड मोजतो. उजेड अपुरा असला तर डोळ्यापुढे एक तांबडी जीभ वर येते आणि बटण दाबले जात नाही. फोटो वाया घालवायला कॅमेराच नकार देतो! पण सेलेनियमही म्हातारे होते. ते पार दमले की भर उन्हातसुद्धा कॅमेरा जीभ काढूनच बसतो. म्हणून परीक्षा दोन्ही बाजूंनी घ्यायची. हाताने जाळी झाकली की जीभ आली पाहिजे, आणि खिडकीकडे धरला की मुकाट्याने टिक् झाले पाहिजे. पहिल्या तीन कॅमेऱ्यांनी मला निरनिराळ्या प्रकारे वेडावून दाखवले. चौथा शहाणा निघाला. किंमत दहा हजार येनच्या आत, म्हणजे आपले साडेपाच हजार रुपये.

आई इतका वेळ स्टुलावर बसली होती. ती भाचीला म्हणाली, "त्यांना विचार, शेवटचे किती घेणार?"

"आजी, इथं असं विचारत नाहीत."

"तू विचार तर."

भाचीने मान खाली घालून काहीतरी पुटपुटले. दुकानदार वयस्कर होता. त्याने दोन्ही हातांची फुली करून छातीशी धरली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. "नाही म्हणाला," आई म्हणाली, "पण किती छान नाही म्हणाला!" त्या वर्षी पाच हजार येनच्या वरच्या खरेदीला परदेशी पाहुण्यांना पासपोर्ट दाखवून दहा टक्के कर जागच्या जागी माफ होत असे. तो वजा झाला तेव्हा आईला वाटले की आपल्या बोलण्याचाच हा परिणाम. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

रोलच्या दुकानात मात्र डोळे पांढरे झाले. तीन रोल घेतले तर कॅमेऱ्याच्या निम्म्याहून अधिक पैसे गेले. घोडा स्वस्त आणि चारा महाग. शिवाय फिल्मच्या देशात आलोय तर तिथलीच घ्यावी म्हणून फुजीचा ॲक्रॉस-२ उचलला, आणि डबी उलटून पाहतो तो 'मेड इन यूके'! बाकीचे दोन रोल इलफर्डचे, चारशे वेगाचे. ते तर उघडपणे इंग्लंडचेच. इंग्लंडची फिल्म, जपानचा कॅमेरा आणि फोटो सदाशिव पेठेतल्या म्हातारीचा.

दुसरा रोल घातला त्या दिवशी सकाळी आम्ही कासाई रिंकाई पार्कला निघालो होतो. रोल घातल्यावर चाक फिरवताना डावीकडचे गुंडाळायचे बटणही फिरते आहे ना, हे पाहायचे. ते फिरत नसेल तर फिल्म अडकलेली नाही आणि आपण दिवसभर हवेचे फोटो काढणार असे समजावे. भाचीला हे काम फार आवडले होते. "फिरलं!" असे ती ओरडली आणि मग म्हणाली, "मामा, आजोबा घरी एकटेच राहणार. त्यांचा काढ."

बहिणीने दिवाणखान्यात एका फळीवर नानांचा फोटो ठेवला आहे. मी कॅमेरा डोळ्याला लावला. तांबडी जीभ वर आली. नाना उजेडात नव्हते. बहिणीने तसबीर उचलून गॅलरीतल्या कुंड्यांपाशी, उन्हात ठेवली. आता टिक् झाले. तिने तसबीर पुसून परत आत ठेवली आणि आम्ही निघालो.

हे पार्क टोकियोच्या खाडीवर आहे. तिथे ११७ मीटर उंचीचा एक आकाशपाळणा आहे, आणि समोर सपाट, करडा समुद्र. वारा असा की छत्री धरवत नव्हती. आई कठड्याशी बाकावर बसली. मी कॅमेरा काढला.

"राहू दे," ती म्हणाली. "रोल वाया जाईल."

मी तिच्या शेजारी बसलो. "आई, ह्यात किती फोटो निघतात ठाऊक आहे? बहात्तर."

"किती?"

"बहात्तर."

तिचे ओठ हलले. ती मनात पाढा म्हणत होती. "म्हणजे ह्यांचे सहा रोल," ती म्हणाली. "सहा दिवाळ्या." मग बराच वेळ ती समुद्राकडे पाहत राहिली. पदर वाऱ्याने उडत होता तो तिने दोनदा खोचला, तिसऱ्यांदा उडू दिला. "काढ," ती म्हणाली. "पण अवतार झालाय."

या कॅमेऱ्याची एक गंमत आहे. तो आडवा धरला की फोटो उभा येतो. एकटा माणूस त्यात नेमका मावतो. मी एक काढला. मग ती आपण होऊन म्हणाली की चष्मा काढून एक काढ. मग भाचीबरोबर. मग दोघींनी मला कठड्याशी उभे केले आणि आईने, आयुष्यात पहिल्यांदा, बटण दाबले. "लागला का?" असे तिने विचारले, बंदुकीचा विचारावा तसा.

परतीच्या दिवशी मी रोल खोक्यांतून काढून एका पारदर्शक पिशवीत ठेवले. अधिकाऱ्याला ते न विचारता दिसले पाहिजेत. बरोबर भाचीने जपानीत लिहून दिलेली चिठ्ठी: ही फिल्म आहे, कृपया हाताने बघा. खाली तिने एक मांजर काढले होते. नारिता विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ती चिठ्ठी वाचली, मांजरही पाहिले, कागदाची एक पट्टी रोलांवरून फिरवून यंत्रात तपासली आणि पिशवी दोन्ही हातांनी मला परत दिली. मला वाटले, जिंकलो.

मध्ये एके ठिकाणी विमान बदलायचे होते. कुठे ते सांगत नाही. तिथल्या लोकांचा माझ्यावर काही राग नव्हता आणि माझाही आता राहिलेला नाही. तिथे पुन्हा तपासणी. पाटी होती, 'लॅपटॉप बाहेर काढू नयेत'. मित्रांनी ही खूण सांगून ठेवली होती. जिथे लॅपटॉप काढावा लागत नाही तिथे बहुधा नवे यंत्र असते. पाहतो तो खरेच ती पांढरी गुहा. मी पिशवी दाखवली, हात जोडले. अधिकारी म्हणाला, आठशेच्या खालच्या फिल्मला काही होत नाही. मी म्हणालो, तो हिशेब जुन्या यंत्राचा; हे यंत्र नवे. त्याने भिंतीवरचा जुना कागद दाखवला. मी पुन्हा सांगितले. वर्गात हजार वेळा समजावूनही न समजणारी मुले मी पाहिली आहेत, पण त्यांच्या हाती माझे विमान नसते. अमेरिकेत म्हणे प्रवाशाला फिल्मची हाताने तपासणी मागता येते. इथे सारे त्या खुर्चीवरच्या माणसाच्या मर्जीवर होते. मागे रांग खोळंबली. पलीकडे चाकांच्या खुर्चीत आई बसलेली. खुर्ची ढकलणारा मुलगा घड्याळ बघत होता. "ट्रेमध्ये ठेवा, नाहीतर इथे टाकून द्या," अधिकारी म्हणाला.

मी ट्रेमध्ये ठेवले. रबराच्या झालरी हलल्या आणि पिशवी आत गेली. समुद्र, पदर, चष्म्याशिवायची आई, सगळे त्या अंधारात फिरून येताना मला दिसत होते. आणि ते अजून कोणीही पाहिलेले नव्हते.

"काय झालं रे?" आईने विचारले.

"रोल मशीनमध्ये गेले."

"मग आले ना बाहेर?"

"आले."

"मग झालं तर," ती म्हणाली. मी तिला पुढचे काही सांगितले नाही. मुंबईला कस्टममध्ये काही अडचण आली नाही. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पन्नास हजारांपर्यंतचे सामान बिनशुल्क आणता येई, आणि आमची सगळी श्रीमंती त्याच्या फार खाली होती.

काढलेला रोल लवकर धुवून घ्यावा, हा नियम मला ठाऊक होता. तरी ते तीन रोल आमच्या फ्रिजमध्ये लोण्याच्या भांड्याशेजारी तीन आठवडे पडून होते. परीक्षेचा निकाल पाहायला न जाणारी मुले मला तेव्हा समजली. शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, फोटो आत आहेत की नाहीत ते आतच ठरलंय. तुम्ही न बघून काय बदलणार?" आपण मराठीत फोटो 'काढतो', विहिरीतून पाणी काढावे तसा, आणि रोल 'धुवायला' देतो, परटाकडे कपडे द्यावे तसा. पाणी गढूळ आणि कपडा डागाळलेला निघाला तर त्याची तयारी हवी. मी रोल नेऊन दिले. काळ्यापांढऱ्या रोलांचे काम हाताने करणारे आता फार थोडे उरले आहेत, त्यांतल्या एकाकडे.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "सर, रोलना एक्सरे लागलाय."

"काहीच नाही का आलं?"

"आलंय. पण सगळं धुरकट आहे. शंभरचा रोल बरा आहे, चारशेच्या दोन्हींना जास्त लागलंय."

शंभरचा, म्हणजे बऱ्यापैकी वाचलेला रोल, माझ्या हौसेचा होता: देवळांची छपरे, आगगाड्या, एक दिव्याचा खांब. आई दुसऱ्यावर होती.

त्याचे स्कॅनर पूर्ण चौकटीचे. त्यामुळे त्याने अर्ध्या-अर्ध्या फ्रेमची दोन-दोन चित्रे एकत्रच घेतली होती. एका कागदावर शेजारी शेजारी दोन उभे फोटो, मध्ये एक बारीक काळी रेघ. "काँप्युटरवर काळं गडद करून देतो," तो म्हणाला, "कळणार पण नाही." मी आधी आहेत तसेच द्या म्हटले आणि ते पाकीट दुकानाच्या पायरीवरच उघडले. पहिलाच कागद. डावीकडे गॅलरीच्या कुंड्यांत, उन्हात ठेवलेले नाना. उजवीकडे पुढचाच फोटो: बाकावर आई, पदर उडालेला, नजर डावीकडे. त्या बाजूला समुद्र होता, हे मला ठाऊक आहे. दोघांवर एकच करडा पडदा.

घरी आल्यावर मी तो कागद आईच्या हातात दिला. तिने तो खिडकीपाशी नेला. बराच वेळ काही बोलली नाही.

"त्या दिवशी धुकं होतं का रे?"

"नाही. ते मशीनमुळे. दुकानदार म्हणतो, नीट करून देतो. केस काळे दिसतील."

"माझे केस कुठे काळे आहेत?" मग थोड्या वेळाने, "ह्यांना इतक्या लांबून का घेतलंस?"

"दीड मीटरच्या आतलं त्या कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, आई."

"चाळिशी लागलीय म्हण त्याला," ती म्हणाली. "राहू दे. आहे तसाच राहू दे. एक तुझ्या बहिणीला पाठव." तो कागद तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवला. सगळ्यात वर, त्या कुत्र्याच्याही वर.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी पेनमध्ये नवा रोल घातला. पाडव्याच्या सकाळी अंगणातल्या रांगोळीचे, मुलांचे, किल्ल्याचे फोटो काढीत होतो. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ होते.

"किती राहिले?" तिने विचारले.

मी आकडा पाहिला. "एकोणसाठ."

"थांब मग," ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने कपाट उघडल्याचा आवाज आला.